राजीखुशीचा राजीनामा

देवासला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या राजवीरला दर सोमवारी 'आपलं कुटुंब' नावाचं पत्रक यायचं. लांबच्या कर्मचाऱ्यांची निष्ठा टिकावी म्हणून ते निघे. 'प्रिय राजवीर, तू आमच्या हृदयात आहेस,' असं त्यात असे. एकदा 'प्रिय (येथे नाव टाका)' असं आलं, तेव्हा हृदयात नक्की कोण आहे ते त्याला कळलं. तरी तो ते शेवटपर्यंत वाचायचा. तीन वर्षांत तिथून दुसरं कुणी काही लिहिलं नव्हतं.

या सोमवारी पत्रकात घरून काम करण्याचे नवे नियम आले. मान्य असल्यास वरिष्ठांना व मुख्यालयाला कळवा. नोकरी गेली तर वडिलांना, प्रतापरावांना, एकटं टाकून शहर गाठावं लागणार. मान्य नसून सांगतो कुणाला? शाळा हिंदीतली, पण वरिष्ठ अल्पना मॅडम पुण्याच्या, म्हणून त्याने मुद्दाम मराठीत लिहिलं: 'नियम वाचले. माझा राजीनामा आजच पाठवतो. राजीखुशीने.'

दहा मिनिटांत मुख्यालयाचं ठरीव उत्तर आलं. 'आपल्या निर्णयाचा आदर आहे. लॅपटॉप सात दिवसांत परत करावा. आपलं कुटुंब.'

त्याने ते प्रतापरावांना दाखवलं.

"अरे, राजीनामा कशाला दिलास?"

"आबासाहेब, कोर्टात देतात तोच. दोन्ही पार्टी राजी, मामला खतम."

"तो हिंदीतला! मराठीत राजीनामा दिला की नोकरीच खतम!"

राजवीरने घाईघाईने लॅपटॉप खोक्यात भरला. तेवढ्यात फोन वाजला. अल्पना मॅडम.

"राजवीर, माझं काही चुकलं का? आबासाहेबांचा गुडघा परत दुखतोय का? तुझ्या माइकमधून टेकरीवरच्या देवळातली आरती येते, ती ऐकून आमची मीटिंग सुरू होते. आता काय पत्रक वाचून सुरू करू?"

वडिलांच्या गुडघ्यासाठी त्याने रजा घेतली होती ती दोन वर्षांपूर्वी. मॅडमच्या ती अजून लक्षात होती.

"मॅडम, तुमचं नाही, माझं मराठी चुकलं," म्हणत त्याने सगळं सांगितलं. पलीकडून इतकं हसू उसळलं की प्रतापरावांनाही ऐकू आलं.

"लॅपटॉप कुठंय?"

"खोक्यात घातलाय."

"काढ आधी! मुख्यालयाला मी सांगते."

पुढच्या सोमवारी पत्रकात 'राजवीर यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा' छापून आल्या. तो पहिल्या ओळीवर असतानाच फोन आला.

"काय, राजी ना?"

"राजी, मॅडम."

पत्रक वाचायचं राहिलं ते राहिलंच. पण मनातल्या मनात त्याने पत्रकाचेही आभार मानले. त्यानेच तर फोन लावून दिला होता.