चेर्योमुखा फुलायच्या आधी

"आज नाही तर मग कधी? सांग ना, कधी?" कापाने दुधाच्या रिकाम्या खोक्यातलं टोमॅटोचं रोप उचलून नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. "बघ याच्याकडे. उन्हाच्या आशेने नुसतं लांबलंय. उद्या छताला लागेल."

"असं," वेन्या म्हणाला.

नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हा वेन्याचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलण्यात हा एकच शब्द उरला. पाणी हवं, असं. चहा गार झाला, असं. कापाला आता त्याचे सगळे सूर ओळखता येत. हा सूर नकाराचा होता, आणि डावं बोट खिडकीकडे गेलं होतं.

"चेर्योमुखा ना? माहितीये रे बाबा मला."

चेर्योमुखेच्या झाडाला पांढरा मोहर आला की गेलेली थंडी एकदा मागे वळून येते, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ती थंडी सरल्याशिवाय वेन्याने आजवर एक रोप घराबाहेर काढलं नव्हतं. टोमॅटोचा वाण त्याच्या आईचा. दरसाल सगळ्यांत चांगलं फळ बाजूला काढून तो त्याचं बी वर्तमानपत्रावर वाळवायचा. यंदा त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर कापाने होतं नव्हतं तेवढं बी पेरलं, मागे एक दाणा ठेवला नाही. तेव्हापासून खिडकीच्या कट्ट्यावर खोक्याला खोकं चिकटलेलं, आणि खोलीत भरदिवसा दिवा.

कापाचं उभं आयुष्य दवाखान्याच्या दारात गेलं होतं. येणाऱ्यांचे कोट घ्यायचे, खुंटीला लावायचे, जाताना परत द्यायचे. निवृत्त होऊन पाय पसरायचे दिवस आले आणि पदरात हे आजारपण पडलं. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि वर ही रोपं. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते. रोपं एकदाची जमिनीत गेली की निदान एक काम सुटेल, एवढाच तिचा हिशोब होता.

शिवाय रोपं न्यायला शेजारणीची गाडी आजच होती. गावाबाहेरच्या मळ्यात त्यांच्या जमिनीला लागून आलेवतिनाचा तुकडा होता. आलेवतिना पूर्वी ट्राम चालवायची, आणि अजूनही बोलताना पुढचा थांबा पुकारल्यासारखीच बोलायची.

"निघायचं का, कापा?" ती दारातूनच म्हणाली. "मी आज गेले की थेट सप्टेंबरात उगवणार. पुन्हा बोलावशील तर येणार नाही. आणि हे बघ, मळ्याकडची एकही चेर्योमुखा फुललेली नाही. काल डोळ्यांनी पाहून आलेय."

"ऐकलंस?" कापा वेन्याला म्हणाली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. रस्त्याच्या बाजूला गाडी उभी होती. कापाने जिने चढून उतरून सगळी खोकी नेली, वेन्याच्या उशाशी पाणी आणि पाव ठेवला आणि कुलूप लावलं.

मळ्यातलं काचघर वेन्याने लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या खिडक्या जोडून उभं केलेलं होतं. त्यात ना शेगडी ना पाइप, ऊन देईल तेवढीच ऊब. फुटलेल्या काचा तो दर एप्रिलात बदलायचा. यंदा कोण बदलणार? कापाने भोकांत चिंध्या कोंबल्या आणि रोपं लावायला घेतली.

"जमिनीत घालू नकोस अजून," आलेवतिना कुंपणापलीकडून म्हणाली. "खोक्यातच राहू दे चार दिवस. माझी बघ, कुंड्यांतच आहेत."

"तुझं बरंय, तू इथे राहणार. मी रोज येऊ का खोकी हलवायला?"

संध्याकाळी ती घरी आली तर वेन्या पलंग आणि खिडकीच्या मध्ये जमिनीवर पडलेला. कप लवंडलेला, पाव पायाखाली.

"आता हे काय आणखी?" कापा ओरडली. "एक दिवस, एकच दिवस मी घराबाहेर पडले. तेवढंही सुख नाही का माझ्या नशिबात?"

"असं," वेन्या म्हणाला. "असं, असं." बोट खिडकीकडे.

"गेली ती रोपं. आता तरी पिच्छा सोड त्यांचा."

त्याला बगलेत धरून पलंगावर ओढता ओढता तिची कंबर धरली. तो असं असं म्हणत राहिला आणि तिने दिवा मालवला. अंथरुणावर पडताच तिला मेल्यासारखी झोप लागली.

सकाळी कचरा टाकायला ती मागच्या अंगणात उतरली. हवेला करवतीची धार होती. त्यांच्या खिडकीखाली, भिंतीच्या उबेला उभी असलेली चेर्योमुखा पांढरीशुभ्र झाली होती. कापाने बादली तिथेच ठेवली आणि बस पकडली.

आलेवतिना काचघराच्या दारातच भेटली. "पोती टाकली, कोट टाकले, गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या. रात्री उणे चार होतं गं. माझी मी घरात ओढून घेतली. तुझी जमिनीतली कशी ओढू?"

रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोळत होती. कापाने एकेक बुंधा चिमटीत धरून पाहिला. एकही घट्ट नव्हता.

"माझ्यातली थोडी घे," आलेवतिना म्हणाली. "बाजारातल्या बियांची आहेत, पण टोमॅटो तो टोमॅटो. वेन्याला सांगायचं कशाला? त्याला काय दिसतंय? आणि खबरदार आभार मानलेस तर. रोपाचे आभार मानले की रोप धरत नाही."

"कोण मानतंय," कापा म्हणाली, आणि गुडघे टेकून पुन्हा खड्डे करायला लागली.

बसमध्ये तिने खोटं नीट जुळवून ठेवलं. रोपांनी जरा मान टाकली होती पण सावरली, असं सांगायचं. पण दारातून वेन्याचा चेहरा दिसला आणि खरं तेच बाहेर पडलं.

"एकही नाही राहिलं, वेन्या. तुझ्या आईचा वाण मी घालवला."

त्याने डोळे मिटले, बऱ्याच वेळाने उघडले. "असं," तो म्हणाला. डाव्या हाताने पलंगाची कड थोपटली. बस म्हणून.

ती बसली नाही. बसली असती तर उठली नसती. फडकं ओलं करून ती खिडकीचा कट्टा पुसायला गेली. खोक्यांतून सांडलेली माती तशीच पसरली होती, आणि त्या मातीत पंजा उमटला होता. डावा पंजा, पाची बोटं रुतलेली. अंगाचा सगळा भार टाकल्याशिवाय असा ठसा उठत नाही.

कापाने खाली पाहिलं. चेर्योमुखा इथूनच दिसत होती, काचेला नाक लावून खाली पाहिलं तरच. पलंगावरून समोरच्या इमारतीचं छप्पर आणि आभाळ, बाकी काही नाही.

इतके दिवस या कट्ट्यावर बोट टेकायला जागा नव्हती. काल ती झाली, आणि हा माणूस कट्ट्याला धरून उठला, एका पायावर उभा राहिला, झाड पाहिलं, आणि सांगायला कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहायचं आता विसरा. तो उभा राहिला होता, आणि तिने आल्या आल्या त्याला झापलं होतं. कापाला स्वतःची लाज वाटली.

"वेन्या, तू उठला होतास?"

"असं."

"एकटा?"

याला उत्तर कशाला, अशा तोंडाने त्याने तिच्याकडे पाहिलं.

"आता राहशील उभा? मी धरते. मला बघायचंय."

वेन्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग मान हलवली, नाही. रागाने नव्हे. अंगात उरलं असतं तर दिलं असतं, अशी.

कापाने पुन्हा विचारलं नाही. ठशाची तेवढी जागा सोडून तिने उरलेला कट्टा पुसला आणि येऊन त्याच्या शेजारी बसली. मग दोघं रिकाम्या खिडकीतून समोरच्या छपराकडे बघत राहिली.