ऐकणाऱ्यांची रांग

लेकरू एकदा बोलले की मोठ्यांनी कामाला लागायचे असते. आपल्याकडे मात्र ऐकणाऱ्यांचीच रांग लागते!

सावत्र वडिलांच्या माराला कंटाळून टिल्ली मावशीकडे पळून आली, तेव्हापासून तिला हेच भोगावे लागत होते. आधी पोलिसांनी विचारले, मग दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी, मग शाळेतल्या समुपदेशकांनी. प्रत्येकाचे सुरुवातीचे वाक्य एकच, "बाळा, पहिल्यापासून सांग." माणसे वाईट नव्हती हो. पण एका खात्याला दुसऱ्याचा पत्ता नव्हता आणि हेलपाटे पोरीच्या नशिबी.

आज बालकल्याण कार्यालयाची पाळी होती. बाहेरच्या बाकावर टिल्लीने हळूच विचारले, "मावशी, त्यांना माझं खोटं वाटतं का गं? म्हणून परत परत विचारतात?"

मावशीला गलबलून आले. तिला तिथेच बसवून ती एकटीच आत गेली.

"मुलगी कुठंय?" अधिकारीबाईंनी विचारले.

"बाहेर. ती आता कुणाला काही सांगणार नाही."

"अहो, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला तुमच्याकडे ठेवता येणार नाही. परत घरी पाठवावी लागेल."

"तिनं सगळं सांगितलंय. पोलिसांना विचारा, डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला ताप आला, तर आपण आजाऱ्याला उठवून दारोदार फिरवतो का? तुम्ही सगळे तिच्यासाठीच बसलाय ना? मग एकमेकांशी बोला की! मला हवं तर रोज बोलवा."

"अशी पद्धत नाही आमच्यात."

"मग आजपासून पाडा. सगळे आपल्याला खोटारडी समजतात, असं वाटायला लागलंय तिला, बाई."

अधिकारीबाईंनी दारातून बाहेर पाहिले. टिल्ली डोळे मिटून ओठ हलवत होती. सांगताना चुकू नये म्हणून पोर आपल्या माराची उजळणी करत होती! बाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी फोन उचलला आणि सगळ्यांना बोलावून घेतले.

त्याच आठवड्यात पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि मावशी एका टेबलाभोवती बसले. बैठक संपल्यावर अधिकारीबाई बाहेर आल्या. बाकावर बसलेली टिल्ली घाईघाईने उठून बोलणार, तोच त्या तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तू खरं तेच बोललीस. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. आता मावशीकडेच राहायचं."

टिल्ली तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

वाचकहो, लेकराला सावरायला निघालेल्यांनी आधी एकमेकांचा हात धरावा. ते धरत नसतील, तर आपण मावशीसारखे त्यांच्या दारात उभे राहावे आणि ठणकावून सांगावे, आधी तुम्ही एकत्र बसा!