निलगिरीच्या दोन बाजू

बेजा शहराच्या कडेला मब्रूका आणि तिचा धाकटा भाऊ तिजानी यांची घरं आहेत. मधे एक निलगिरी, साठ फूट उंच. मब्रूकाच्या घराच्या कोपऱ्याची भिंत तडकली, म्हणून झाड पाडायची परवानगी मागणारा अर्ज आमच्या नगरपालिकेत आला. खाली दोघांच्याही सह्या. वाटणीपासून सहा वर्षं ही भावंडं एकमेकांशी बोलत नव्हती, हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं.

नगरपालिकेची इंजिनिअर म्हणून मी जूनमध्ये पाहणीला गेले. झाडापासून दोन्ही घरांचं अंतर मोजलं, तडा वाढतोय का ते कळावं म्हणून त्यावर जिप्समचा पट्टा लावून तारीख लिहिली. सप्टेंबरात पट्टा फाटलेला. तडा वर बोटभर, खाली केसाएवढा. कोपऱ्याशी खड्डा खणला. पायाखालची काळी माती वाळून आकसली होती आणि तिच्यात दोऱ्यांसारखी मुळं पसरली होती. या घराबद्दल शंका उरली नाही.

मब्रूका चहा घेऊन आली. "मग कधी पाडताय, पोरी?"

"खाला," मावशीला हाक मारावी तसं मी म्हटलं, "तुमचं घर आधीचं की झाड?"

"घर. झाड बाबांनी लावलं तेव्हा मी दहा वर्षांची होते."

"आणि तिजानीचं घर?"

"त्याचं कालपरवाचं. तोवर झाड माझ्या छपराच्याही वर गेलं होतं."

माझा चहा तसाच राहिला. तिजानीचं घर झाडानं आधीच शोषून घेतलेल्या मातीवर उभं होतं. झाड गेलं की ती माती पावसाचं पाणी पिऊन फुगणार आणि घराला खालून उचलणार. आठ वर्षांपूर्वी एका शाळेजवळची झाडं मी बेधडक 'पाडा' म्हणून लिहिली होती. दुसऱ्या वसंतात शाळेच्या कोठीची फरशी वर आली, दार उघडेना. आधी काय होतं, शाळा की झाडं, हे मी विचारलंच नव्हतं.

मी दोघांना अंगणात बोलावून सगळं सांगितलं.

तिजानी भडकला. "सहा वर्षांनी आमचं एका गोष्टीवर जमलं, आणि तुम्ही नाही म्हणता?"

"पाडलं तर खालांची भिंत वाचेल, पण तुमचं घर तडकेल."

तो झाडाकडे वळला. "मग हात लावायचा नाही त्याला."

"वा रे वा!" मब्रूका थेट त्याच्यावर उखडली. "माझ्या डोक्यावर भिंत पडली तरी चालेल?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलंस की आत्ता!"

बराच वेळ जुंपली. मी मधे पडले नाही.

शेवटी मी लिहून दिलं: मब्रूकाच्या कोपऱ्याचा पाया खोल करावा, आणि झाडाचा एक तृतीयांश विस्तार दर दुसऱ्या हिवाळ्यात छाटावा. पाडायचं नाही, वाढूही द्यायचं नाही, म्हणजे ते मातीतलं पाणी आत्ताएवढंच पीत राहील.

"खात्री आहे तुमची?" तिजानीनं विचारलं.

"पूर्ण नाही. बघत राहावं लागेल."



याला पाच वर्षं झाली. मब्रूकाच्या भिंतीवरचा शेवटचा पट्टा अजून शाबूत आहे. ऑगस्टमध्ये तिचं मागचं दार थोडं अडतं, एवढंच. तिजानीची फरशी सपाट आहे. ईदला ती दोघं अजून एकत्र जेवत नाहीत. पण छाटणीच्या जानेवारीत, माणसं यायला दोन दिवस उशीर झाला, की एकाच सकाळी मला दोघांचेही फोन येतात.