व्याह्यांचा जांभळा

मोरोंकेला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. भाऊ दिपोच्या लग्नाची मागणी, पेकहॅमचा हॉल खचाखच भरलेला, आणि ही मुलाची बहीण बसलीय मुलीकडच्यांत!

नायजेरियाच्या योरुबा घरातली, पण लंडनमध्ये वाढलेली पोर. शाळेत एकदा तिचा रंगीत झगा आणि फेटा बघून पोरी फिदीफिदी हसल्या, तेव्हापासून योरुबा कपडा अंगाला लावला नव्हता. घरातल्या लग्नात सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, ही मात्र काळा सूट घालून बँकेत निघाल्यासारखी हजर. आई चिडून चिडून शेवटी गप्प झाली होती.

या खेपेला मोरोंकेने ठरवलं, गुपचूप नटून जायचं, आईला खूश करायचं. दुकानात जाऊन म्हणाली, "दिपोच्या लग्नाचं कापड द्या." बाईने जांभळं दिलं. दोन्हीकडचे रंग वेगळे असतात, आपण कुठल्या बाजूचे ते सांगायचं असतं, एवढीही अक्कल हिला नव्हती. दारात जांभळा रंग बघून कुणीतरी तिला थेट मुलीकडच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

"अहो, मी मुलाची बहीण आहे!"

"हो का? मग मी मुलाची आजी," शेजारची जांभळी म्हातारी खिदळली. "बस गं गुमान. फेटा तरी नीट बांधायचास, कोबीचा गड्डा झालाय नुसता!"

तेवढ्यात ढोल वाजले आणि मुलाकडचे नाचत आत आले. सगळे शेंदरी. आता उठून पळावं तरी कुठे?

ढोल थांबले. रिवाजाप्रमाणे मुलाकडच्या बायका मुलगी मागायला गुडघे टेकू लागल्या. सगळ्यांच्या पुढे आई, नेमकी मोरोंकेसमोर. दुखऱ्या गुडघ्यांवर कण्हत आई लेकीपुढे वाकायला लागली, तशी मोरोंके ताडकन उठली आणि तिच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसली. शेंदरी रांगेत एकच जांभळी. हॉल खदखदून हसला.

"चुकलं गं आई," ती रडकुंडीला आली. "वाटलं, तुला बरं वाटेल."

"डोंबल बरं!" आई मान खाली घालूनच फिसकारली. "तुझं शेंदरी शिवून माझ्या कपाटात ठेवलंय. दर लग्नाला तुझंही शिवते. एकदा तरी विचारलंस?"

मोरोंकेने मान वळवून आईकडे पाहिलं.

"आता बघतेस काय? वाक खाली," आई म्हणाली, आणि लेकीचा सुटत आलेला फेटा तिने एका हाताने घट्ट आवळला.