आबादेसाचं पाणी

आबादेसाला एउतिमियोने जाळ्यात घेतलं ते तिला वाचवण्यासाठी. निदान बायकोला, कासिल्दाला, त्याने तसंच सांगितलं होतं.

माद्रिदच्या कोर्टाने कार्प माशाला आक्रमक परक्या जातींमध्ये घातलं, त्यानंतरचा तो वसंत. गळाला लागलेला कार्प आता जिवंत सोडायचा नव्हता, जिवंत कुठे न्यायचाही नव्हता. तिथल्या तिथे मारायचा. आणि कासिल्दा-एउतिमियोची चूल तर सोडून दिलेल्या माशांवरच पेटत होती. फ्रान्स-जर्मनीहून गळवाले गावच्या धरणावर यायचे, त्यांच्याकडे उतरायचे, त्यांची होडी घ्यायचे, मोठ्या कार्पला लेकरासारखं कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. त्यातल्या त्यात आबादेसाला. करडाएवढी थोराड मादी, मठातल्या थोरल्या नन बाईंसारखी संथ आणि रुबाबदार. म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलं होतं.

"चारशे वर्षं झाली या माशाला इथं येऊन," दारूच्या गुत्त्यात एउतिमियो म्हणायचा. "तो परका, तर मग आपण कोण?"

लोक हसायचे, मग त्याच्याकडे बघून गप्प व्हायचे. कारण गावच्या सभेत कोर्टाच्या बाजूने जी एकटी उभी राहिली होती, ती त्याचीच मुलगी आरोआ. ती नदीतल्या माशांचा अभ्यास करायची. कार्प तळाचा गाळ उकरतो, पाणवेली मुळासकट उपटतो, गढूळ पाण्यात इथल्या मूळच्या माशांची पिल्लं जगत नाहीत, असं तिने भर सभेत सांगितलं. नदीतला हाराबूगो नावाचा बोटभर मासा आता फक्त जुन्या गिरणीच्या ओढ्यात उरला होता.

"बोटभर माशासाठी बापाच्या पोटावर पाय देतेस?" एउतिमियोने विचारलं होतं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद.

रविवारी धरणावर कार्प मारायची मोहीम ठरली होती. शनिवारी सकाळीच एउतिमियोने आबादेसाला पकडून गाडीवरच्या टाकीत घातलं. कासिल्दा मागे, टाकीला टेकून बसली. हवेचा पंप गुरगुरत होता.

"गावातल्या कोंदेच्या शेततळ्यात ठेवू," तो म्हणाला होता. ते तळं चहूबाजूंनी बंद होतं, मासा नदीत जायची भीती नव्हती, म्हणून ती तयार झाली होती.

फाट्यावर गाडी डावीकडे वळली. कासिल्दाने पत्रा बडवला. "अरे, ही वाट तळ्याची नाही!"

"तळं आटलंय."

"मग कुठे नेतोयस?"

त्याने वेग वाढवला. तिच्या पायाशी ताडपत्रीखाली काहीतरी धपकलं. तिने ताडपत्री वर केली. खाली निळं पिंप होतं आणि त्यात पाच-सहा लहान कार्प. तिने एकाला उचलून पोट जरासं दाबलं. दुधासारखं पांढरं रेत आलं. नर होते.

गाडी थांबली ती जुन्या गिरणीच्या ओढ्यावरच्या डोहापाशी. पलीकडच्या काठावर आरोआ गुडघाभर पाण्यात उभी होती, हातात छोटं जाळं. तिने गाडी ओळखली आणि ती जागीच थिजली.

"एउतिमियो, तू म्हणालास एकटीला वाचवायचंय," कासिल्दा खाली उतरत म्हणाली. "नर कशाला आणलेस?"

"धरणातले सगळे मारून टाकतील. इथं निदान वंश तरी राहील."

"बाबा, नको!" आरोआ ओरडली. "यांनी इथं एकदा अंडी घातली की पुन्हा कुणालाच काढता यायचे नाहीत. तुम्हालासुद्धा!"

"तुला कुणी विचारलंय?" इतक्या महिन्यांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला तो असा. त्याने पिंप उचललं.

कासिल्दा सरळ पाण्यात शिरली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. पाणी बर्फासारखं होतं, आणि इतकं नितळ की आपल्या पायाची बोटं तिला दिसत होती.

"बाजूला हो."

"होत नाही. ढकल मला."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. क्षणभर तिला वाटलं, हा ढकलेलच. तीस वर्षांच्या संसारात त्याने कधी हात उगारला नव्हता, पण त्याचे असे डोळेही तिने कधी पाहिले नव्हते. मग त्याने एक शिवी हासडली आणि पिंप काठावरच उलटं केलं.

मासे गवतात तडफडू लागले. एक उसळ्या घेत पाण्याकडे सरकला. आरोआ पलीकडे होती, एउतिमियो पाठ करून उभा. कासिल्दाने दगड उचलला. एकेकाच्या डोक्यात घातला. शेवटच्याला दोनदा घालावा लागला.

तेवढ्यात गाडीवरचा पंप बंद पडला.

आरोआ धावत आली. "आई, तिलाही मारावं लागेल. कायदाच तसा आहे."

"ती धरणातली आहे. धरणात जाईल." कासिल्दाने नवऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली ओढून घेतली.

"मी हे पाहिलंय, आई. मला सांगावं लागेल."

"सांग ना! पण आत्ता मागे बस आणि तिच्यावर पाणी ओत."

आरोआ बसली. एउतिमियोला काठावरच सोडून गाडी खाचखळग्यांतून उधळत गेली. आरशात कासिल्दाला लेक दिसत होती. ती बादलीने टाकीतलंच पाणी काढून वरून परत ओतत होती, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. ती रडत होती आणि ओतत होती.

धरणावर दोघींनी आबादेसाला ताडपत्रीत घालून पाण्यापर्यंत ओढत नेलं. ती कुशीवर कलली आणि तशीच तरंगत राहिली. कासिल्दा छातीभर पाण्यात उतरून तिला पोटाखाली धरून उभी राहिली. खूप वेळाने शेपूट हललं, हात रिकामे झाले. ती जगली की खोल जाऊन मेली, कुणाला कळलं नाही. रविवारच्या मोहिमेत ती सापडली नाही, पुढे कुणाच्या गळालाही लागली नाही.

सोमवारी सिव्हिल गार्डचे दोन पोलीस दारात आले. आरोआने सगळं खरं सांगितलं होतं, बापाचंही. पण कासिल्दा म्हणाली, "पकडली मी, नेली मी, सोडलीही मी." नवरा काही बोलायला लागला, तशी तिने त्याला नजरेनेच गप्प केलं. होडीचा परवाना त्या वर्षापुरता गेला. उन्हाळाभर गळवाल्यांसाठीच्या वरच्या खोल्यांना कुलूप राहिलं.

सप्टेंबरात आरोआ रविवारची जेवायला आली. एउतिमियो तिच्यासमोर बसून मुकाट्याने पाव तोडत होता.

"तो तुझा बोटभर मासा," मान वर न करता तो म्हणाला. "आहे का अजून?"

"आहे. यंदा पिल्लंही दिसली."

"मग त्याचे फोटो काढायला इथं कुणी येत का नाही?"

आरोआने ताट पुढे सरकवलं. कासिल्दाने दोघांच्या ताटांत चण्याचा रस्सा वाढला.