मी भर रस्त्यात का थांबले?

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जयनगरमध्ये मी भर रस्त्यात थांबले. समोर माणूस नव्हता, गाय नव्हती, साधा खड्डाही नव्हता. ब्रेक माझ्या चालकाने, विश्वासरावांनी, दाबला नव्हता. तो मीच लावला.

मित्रांनो, मी सतरा वर्षांची रिक्षा. जुनी की नवी, हे आता मलाच नीट सांगता येत नाही. शिवाजीनगर ते चिकपेट माणसे आणि साड्यांचे गठ्ठे वाहून माझे इंजिन धूर ओकू लागले. गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावून बसत. मला मोडीत काढायचे ठरलेच होते. तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या संशोधक संहिताने मला चाचणीसाठी मागून घेतले. तिने इंजिन उतरवले, सीटखाली बॅटरी बसवली आणि पुढच्या काचेच्या वर कॅमेरा लावला. समोर कोणी आले तर आपणहून थांबायचे, हे तिने मला शिकवले. चाचणी तीस दिवसांची होती. विनाकारण एकदाही थांबले नाही, तर विश्वासरावांकडे कायमचे परत जायचे. थांबले, तर मोडीत.

काल एकोणतिसावा दिवस आणि आयुधपूजा, म्हणजे वाहनांची-अवजारांची पूजा. विश्वासरावांच्या पत्नी अंबुबाईंनी मला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. माझे कपाळ शोधताना त्यांना कॅमेऱ्याची गोल काच सापडली. तिच्यावर त्यांनी गंध लावले, वर कुंकू.

आज मागे बसलेल्या संहिताने स्वयंचलित ब्रेकची यंत्रणा चालू केली, आणि मला अगदी जवळ काहीतरी तांबडे दिसले. माणूस? मूल? कळेना. मी थांबले.

मागचा रिक्षावाला अर्ध्या कानडीत म्हणाला, "अण्णा, स्वल्प, थोडे सरका. पूजा काल झाली."

संहिता उतरली. "अण्णा, या काचेला कोणी हात लावला?"

"हात कोण लावेल? पूजा केली."

तिने पुसायला सांगितले. पूजेचे कुंकू पुसत नाहीत, ते आपोआप जाते, असे विश्वासराव म्हणाले. मग चाचरत त्यांनी विचारले, की अहवालात थांबण्याचे कारण म्हणून कुंकू लिहिले तर चालेल ना?

"आज चालेल," संहिता म्हणाली. "पण दरवर्षी या शहरातल्या प्रत्येक रिक्षाला कुंकू लागतं, अण्णा. तेव्हा चूक कुणाची?"

विश्वासरावांनी माझ्या हँडलवरचा हात काढला नाही.

मित्रांनो, थांबले ते बरोबर की चूक, मला अजून उमगलेले नाही. अंबुबाईंवर रागवावेसेही वाटत नाही. एवढेच सांगते: आपल्या वस्तूंवर जरूर माया करा, पण त्यांचा डोळा कुठे आहे, ते आधी विचारून घ्या.

आता संध्याकाळचे पाच वाजले आहेत. मी कॉलेजच्या शेडमध्ये उभी आहे. संहिताच्या अहवालात वेळ, जागा आणि वेग भरून झाले आहेत. 'थांबण्याचे कारण' हा रकाना रिकामा आहे. अहवाल उद्या सकाळी दहाला द्यायचा आहे. विश्वासराव अजून घरी गेलेले नाहीत.