कॅलेंडरची पट्टी

"हे दात आहेत की साबुदाणा? माणसानं धरायचं तरी कुठं?"

नाना ओट्यावर मांडी घालून पुटपुटत होते. मी शेजारीच वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांचं पुटपुटणं हल्ली गल्लीच्या टोकापर्यंत जातं, म्हणून शेजारी बसायचीही गरज नव्हती म्हणा.

मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मेघाची रिमोटची गाडी, पोट उघडं टाकलेलं. मोटारीच्या दांड्यावर लोखंडी छोटं गिअर असतं, त्याला लागून प्लॅस्टिकचं मोठं. मोटार ज्या पत्र्यावर बसते त्याला लांबट भोकं असतात. स्क्रू ढिले केले की मोटार मागे-पुढे सरकते. फार जवळ गेली तर दात एकमेकांना चावतात आणि गाडी किंचाळते. फार लांब राहिली तर प्लॅस्टिकचे दात सोलून निघतात. मधली जागा केसाएवढी. ती सापडावी म्हणून बाकीची मंडळी दोन्ही गिअरांमध्ये कागदाची पट्टी घालतात, मोटार दाबून स्क्रू आवळतात, मग चाक फिरवून पट्टी काढून घेतात.

नानांना हे मान्य नाही. त्यांचा जन्म जळगावच्या दालमिलमध्ये फिटर म्हणून गेला. बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला, आणि काय बिघडलंय ते सांगून टाकायचं.

"कागद लावायला हे काय पोस्ट ऑफिस शे?" असं ते विचारतात.

मेघा आमची मुलगी. शाळेत गणित शिकवते आणि रविवारी मैदानात गाड्या पळवते. पाहुण्यांना आम्ही गणिताचं तेवढं सांगतो. गाडीची मोटार लावून द्यायचं काम नानांचं. गेलं वर्षभर ते मोटार सरकवतात, गाडी कानाशी धरून फिरवतात आणि म्हणतात, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं ठीक. गाडी तेव्हा किंचाळत असते. मेघा म्हणते, "मस्त, नाना." मी म्हणते, "छान." मग नाना आंघोळीला गेले की मी स्वयंपाकघरात जुन्या कॅलेंडरची पट्टी कापते आणि मोटार पुन्हा लावते. हात बसलाय आता माझा.

बाकीचंही असंच चालतं. टीव्हीचा स्पीकर खराब आहे. दारावरच्या बेलची बॅटरी उतरली आहे. फोनला रेंज नसते. आमच्या घरात वस्तू तेवढ्या नादुरुस्त आहेत, माणसं सगळी ठणठणीत.

पण या वेळी शर्यत धुळ्याला होती आणि नाना म्हणाले, "मी पण येतो धुळ्याला. मैदानातच लावून देतो, सगळ्यांसमोर. तेजसची पण लावतो." तेजस मेघाच्या गटातला. त्याला फोन करून कळवूनसुद्धा झालं होतं. तो काय म्हणाला ते नानांनाच ठाऊक, किंवा त्यांनाही नाही.

धुळ्याच्या मैदानात स्वयंपाकघर नाही. शिवाय मोठं गिअर हे शेवटचंच उरलेलं. तेही गेलं की मेघाची शर्यत तिथंच संपली, आणि तीसुद्धा नानांच्या हातून, चारचौघांत.

मेघा माझ्याकडे बघत होती. मी शेंगांकडे.

"नाना, एकदा इथंच बघून घेऊ," शेवटी तीच मोठ्यानं म्हणाली.

नानांनी स्क्रू आवळले, गाडी उचलून धरली. मेघानं रिमोटचा ट्रिगर दाबला. अशी काही किंचाळली गाडी, की शेजारच्या द्रौपदाबाई गच्चीवरून वाकल्या. "अक्का, मिक्सर बिघडला का वं तुमचा?"

मी हात हलवला. त्याचा अर्थ हो की नाही, ते मलाही माहीत नव्हतं.

नानांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मिलमध्येही असेच मिटायचे. मग मूठ दुसऱ्या कानाला लावली.

"अगं मेघा, चालू कर ना!"

मेघाचं बोट ट्रिगरवरच होतं. तिनं ते उचललं नाही.

"बॅटरी उतरली असेल," मी सवयीनं म्हणाले.

नानांनी डोळे उघडले. चाकं नुसती भिंगरीसारखी फिरत होती. त्यांनी वर बघितलं. द्रौपदाबाई कानांवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

नानांनी स्क्रूड्रायव्हर टॉवेलवर ठेवला. एक बोट मोटारीच्या पत्र्यावर टेकवलं आणि बराच वेळ तिथंच राहू दिलं, नाडी बघितल्यासारखं.

"चावतंय," ते म्हणाले. "फार घट्ट बसलंय. बंद कर."

मेघानं बोट उचललं. गल्ली एकदम गप्प झाली. माझ्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"जा, आतून ती कॅलेंडरची पट्टी आण," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझे डोळे शाबूत आहेत अजून. कान गेलेत."